सोफा नको, सीट पाहिजे

शैलाताई कोणाच्या घरी गेल्या की आधी तिथली खुर्ची उलटी करून पाहतात. पाहुणी बाई दारात चप्पल काढते, "कसं काय" विचारते, पाणी पिते आणि बसते, असा आपला साधा क्रम. शैलाताई चप्पल काढतात, खुर्ची उचलतात, तिचे चारही पाय छताकडे करतात, बुडाची पट्टी अंगठ्याने दाबून पाहतात आणि मग घरमालकिणीकडे अशा बघतात, जणू तिने दुधात पाणी घातलं आहे.

आम्ही दिवाळीत नवा सोफा घेतला. मी हौसेने त्यांना दाखवायला बोलावलं. त्यांनी गादी दाबली. चार बोटं आत गेली. "स्मिता," त्या म्हणाल्या, "हे बसायसाठी नाही, दाखवायसाठी आहे. याच्यावर पाहुण्यांले बसव. तू बसू नको." पाहुण्या त्या स्वतःच होत्या, पण त्या खाली सतरंजीवर बसल्या. मला इतका राग आला की चहात साखर घालायची राहून गेली. त्यांनी तो तसाच प्यायला आणि म्हणाल्या, "चहा मात्र चांगला केला तू."

रायपूरच्या ब्राह्मणपाऱ्यात त्यांच्या आणि आमच्या घराची भिंत एकच. शैलाताईंनी लग्न केलं नाही. आई-वडील होते तोवर त्यांचं केलं, आता एकट्याच असतात. पस्तीस वर्षं सिंचाईच्या ऑफिसात कालव्यांचे नकाशे काढले. निरोपाच्या दिवशी ऑफिसच्या लोकांनी त्यांना आरामखुर्ची दिली. ती त्यांनी तिसऱ्या दिवशी देवळाच्या पुजाऱ्याला देऊन टाकली आणि जाऊन सायकल घेऊन आल्या. साधी बायकांची सायकल नाही. मेंढ्याच्या शिंगांसारखं खाली वळलेलं हँडल असलेली, शर्यतीची. तिच्यावर बसलं की माणूस कमरेत ओणवा होतो, पाठ जमिनीला समांतर आणि नाक पुढच्या चाकावर. साठी ओलांडलेली बाई, पांढरी वेणी, सलवार-कमीज, डोक्यावर पिवळं हेल्मेट आणि अशी ओणवी. सदर बाजारातून निघाल्या की दागिन्यांच्या दुकानांतली गिऱ्हाइकं बाहेर येऊन पाहायची.

सगळ्यांनी सांगून पाहिलं. मीही सांगितलं. "शैलाताई, हँडल वर करून घ्या ना. सरळ बसा."

"काहून?"

"काहून म्हणजे? आराम पडेल पाठीला."

"पस्तीस वर्षं ड्रॉइंग बोर्डावर वाकून काढले म्या. माही पाठ सरळ केली की दुखते अन् वाकवली की राहते. तुले तुही पाठ माहीत, मले माही." वर हेही ऐकवलं की सरळ बसून सायकल चालवणं म्हणजे वाऱ्याला छाती दाखवणं, आणि वारा काही नात्यातला नाही.

रोज उजाडताना त्या निघायच्या, नव्या रायपूरच्या रुंद रिकाम्या रस्त्यांवर जायच्या आणि परत आल्या की माझ्या खिडकीखाली तीनदा घंटी वाजवायच्या. शर्यतीच्या सायकलला घंटी नसते. यांनी पितळेची मुद्दाम बसवून घेतली होती. रविवारी सकाळी ती घंटी कानात शिरली की मला तळपायापासून आग यायची. एकदा खिडकी उघडून म्हटलंच, "शैलाताई, घरी आल्यावर कशाला वाजवता?"

"कोणाले तरी कळाले पाहिजे न," त्या म्हणाल्या, "परत आली म्हणून." मी खिडकी लावून घेतली.

तर असं सगळं झकास चाललेलं. घोडं अडलं होतं ते सीटपाशी.

सायकलबरोबर आलेली सीट पुरुषांसाठी केलेली. तिच्यावर तासभर ओणवं राहिलं की शैलाताईंना नको तिथे मुंग्या यायच्या, मग बधिर व्हायचं, मग कातडी सोलवटायची. हे मी सभ्य शब्दांत लिहिते आहे. त्या सभ्य शब्द वापरत नाहीत. त्यांनी बायकांची म्हणून विकली जाणारी सीट आणली. ती पसरट, गुबगुबीत, खाली स्प्रिंगा. ती तर आणखी वाईट निघाली. का, ते त्यांनी मला आमच्याच सोफ्यावर समजावलं. सरळ बसणाऱ्या बाईचा भार मागे पडतो, तिला रुंद सीट चालते. ओणव्या बाईचा भार पुढे येतो. तिथे मऊ गादी असली की हाडं आत रुततात आणि गादी मधोमध वर येऊन जे दाबायला नको तेच दाबते. आणि रुंद कडा मांड्यांना घासतात त्या वेगळ्याच. "हाडावर बसायचं, मासावर नाही," त्या म्हणाल्या. माझ्या नणंदेचा नवरा शेजारी बसला होता. तो उठून बाल्कनीत गेला.

"सोफा नको, सीट पाहिजे," हे त्यांचं पालुपद तेव्हापासूनचं. दोन वर्षांत त्यांच्या ओसरीत खिळ्यांवर अकरा सीटा टांगल्या गेल्या. प्रत्येकीखाली चिठ्ठी, ऑफिसच्या वळणदार अक्षरात: 'पुढून दाबते.' 'मांडी घासते.' 'खोटारडी.' ज्या कंपन्यांच्या जाहिरातीत बाई सरळ ताठ बसून, पुढे फुलांची टोपली ठेवून हसते, त्यांना त्या सरकारी हिंदीत पत्रं लिहायच्या. 'विषय: महिलाओं के आसन के संबंध में.' उत्तर आलं नाही की प्रथम स्मरणपत्र, मग द्वितीय. त्यात एकच प्रश्न असायचा: आपण स्वतः या सीटवर वाकून बसलात काय?

हा प्रश्न त्यांनी एका दुकानदाराला तोंडावर विचारला, तेव्हा मी दुर्दैवाने सोबत होते. मी बिचारी सदर बाजारात ब्लाउजपीस घ्यायला आले होते. त्यांनी रस्त्यातच माझा दंड धरला आणि मागच्या गल्लीतल्या सायकलच्या दुकानात ओढून नेलं.

"दीदी, ये देखिए, स्पेशल लेडीज सीट," दुकानदाराने गुलाबी रंगाची, फुलंबिलं काढलेली सीट काउंटरवर ठेवली.

"भैया, मैं झुक के चलाती हूँ. इसपे झुकूँगी तो चुभेगा."

"शुरू-शुरू में लगता है दीदी. आदत हो जाएगी."

झालं. 'आदत हो जाएगी' हे शब्द शैलाताईंपुढे काढायचे नसतात. "किसकी आदत?" त्यांनी विचारलं. "सीट की, कि दर्द की?" आणि ती गुलाबी सीट तिथल्याच एका स्टँडवरच्या सायकलवर त्यांनी स्वतः पान्याने बसवली. "आप बैठो. हाथ नीचे. और नीचे. हव, ऐसे." मनगटावरचं घड्याळ काढून काउंटरवर ठेवलं. दुकानदार चांगला धिप्पाड माणूस, पण तोंडाने 'दीदी' म्हणून गेला होता आणि आता दीदीसमोर सायकलवरून उतरवेना. गिऱ्हाइकं जमली. सात-आठ मिनिटांत तो चुळबुळायला लागला.

"क्या हुआ?"

"कुछ नहीं दीदी. थोड़ा सा..."

"थोड़ा सा क्या? कहाँ?"

तो लालबुंद झाला. इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, पण कुठे ते सांगेना.

"देखा?" शैलाताई सगळ्या दुकानाला म्हणाल्या. "कोई नहीं बताता कहाँ दुखता है. इसीलिए ऐसी सीट बनती है." त्यांनी घड्याळ बांधलं आणि निघाल्या. माझा ब्लाउजपीस राहिला तो राहिलाच. मी घरी येऊन कानाला खडा लावला, की या बाईबरोबर बाजारात पुन्हा म्हणून जायचं नाही. पण खरं सांगते, रागावता रागावता मला त्या दुकानदाराचाच राग यायला लागला होता. पंधरा वर्षं स्कूटीवरून शाळेत शिकवायला जाते मी. माझी कंबर कुठे धरते, हे मला तरी आजवर कोणी विचारलं होतं?

पौषात मात्र घंटी वाजेनाशी झाली. लागोपाठ दोन रविवारी सकाळी शांत झोप लागली तेव्हा माझ्या लक्षात आलं. चौकशी केली तर कळलं, जिथे कातडी सोलवटायची तिथे फोड होऊन पिकला होता. शंकर नगरातल्या डॉक्टरीणबाईंनी औषध दिलं आणि स्पष्ट सांगितलं: पुन्हा असं झालं तर सायकल कायमची बंद. एकतर नीट बसणारी सीट शोधा, नाहीतर सकाळी पायी फिरा.

"पायी!" शैलाताई मला म्हणाल्या. "मी पायी फिरणारी दिसून राहिली तुले?" आवाज चढा होता. पण बोलताना त्या सायकलच्या चाकाची एक तार उगाच नखाने वाजवत होत्या. मला पहिल्यांदाच वाटलं, या बाईजवळ ही सायकल सोडून दुसरं काय आहे?

वाटलं तेवढंच. नंतर संक्रांत आली आणि मी हळदीकुंकवाच्या गडबडीत सगळं विसरले.

आता जे सांगते ते सांगताना माझी मलाच लाज वाटते. आमच्याकडे हळदीकुंकवाला बायका पाचला येतात. शैलाताईंना मी म्हटलं होतं, "तुम्ही तिळगुळाला या हं, साडेसातला." म्हणजे सवाष्णी जेवढ्या त्या येऊन गेल्यावर. दरवर्षी असंच म्हणायचे आणि त्याही दरवर्षी साडेसातला येऊन तिळगूळ घेऊन जायच्या. या वर्षी त्या पाचलाच आल्या. काखेत पाट, हातात बादली. बादलीत मूर्तिकाराकडून आणलेली ओली माती.

"अगोदर कणीक घेणार होती," त्यांनी सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं, "पण तुम्ही म्हणसान अन्नावर बसवते." मग पाटावर मातीचा जाड थर थापला, वर पातळ प्लास्टिक अंथरलं आणि हळदीकुंकवाच्या तबकाशेजारी मांडला. "साऱ्याजणी एकेक करून बसा. हाडांचं माप घ्यायचं आहे. कंपनीले पाठवते. बायांचे मापं त्यांच्याजवळ नाहीत, म्हणून असे सीट करून राहिले."

माझं डोकं सणकलं. पैठण्या नेसून आलेल्या बायका, अत्तर, गुलाबपाणी, आणि मधोमध ही माती. मी काही बोलणार, तेवढ्यात एक धीट काकू "बघू तरी" म्हणून बसल्या. शैलाताई समोर उभ्या राहिल्या, काकूंचे दोन्ही हात हातात घेतले. "उठताना जोर लावू नका. तुम्ही ओढू नका, मी ओढते. तुम्ही फक्त सरळ या." काकू सरळ वर आल्या. मातीत दोन स्वच्छ खळगे. शैलाताईंनी जुन्या ऑफिसचा पितळी डिव्हायडर काढून मधलं अंतर घेतलं, माती सारखी केली आणि पुन्हा बसवलं. तीनदा. "एक माप म्हणजे अंदाज, दोन मापं म्हणजे भांडण. तीन झाले की माप."

मग काय विचारता! रांग लागली. आणि एकेक जण बसता बसता बोलायला लागली. कोणाची शिलाई मशीनची स्टूल टोचते, कोणी बँकेत आठ तास मोडक्या खुर्चीवर, कोणाला बाळंतपणापासून खाली बसवतच नाही आणि हे तिने नवऱ्यालाही सांगितलं नव्हतं. शैलाताई वहीत लिहून घेत होत्या. प्रत्येकीला विचारत होत्या, "कुठं? नीट सांग. लाजू नको." आमच्या घरात इतकं मोठ्याने हसणं मी कधी ऐकलं नाही. बायका वाण विसरून गेल्या. मी मात्र शेवटपर्यंत फुरंगटून होते. माझा समारंभ होता आणि कोणी माझ्या तिळाच्या वड्यांना नावं ठेवायलाही मोकळं नव्हतं. माझंही माप झालं, म्हणजे करून घेतलं गेलं. सगळ्यात शेवटी त्या गेल्या, साडेसातला, आणि पाट विसरून गेल्या.

तीन दिवसांनी तो पाट घेऊन मी त्यांच्याकडे गेले. खरं तर भांडायला गेले. काय काय सुनवायचं ते दारापर्यंत घोकलं होतं.

ओसरीत त्या अकरा सीटा आणि त्यांच्याखाली फळीवर ओळीने वाळलेल्या मातीच्या पाट्या. हळदीकुंकवातल्या नव्हेत, त्या तर तिथेच सारख्या केल्या होत्या. या त्यांच्या स्वतःच्या, दोन वर्षांतल्या. प्रत्येकीवर तारीख आणि माप. मी भांडण बाजूला ठेवून एकेक पाटी हातात घेऊन पाहत राहिले. एकही माप दुसऱ्याशी जुळत नव्हतं.

"तीन मापं जुळली की माप, असं तुम्हीच म्हणता ना?"

"माही हाडंच सरकतात की काय कोण जाणे," त्या चिडून म्हणाल्या. "माती खराब आहे. मग मी सगळ्यांची सरासरी काढते."

माती खराब नव्हती. डावीकडचा खळगा प्रत्येक पाटीवर छान गोल होता. उजवीकडचा मात्र लांबट, बाहेर ओढल्यासारखा. आणि त्याच्या उजवीकडे, पाटीच्या कडेवर, खोल उमटलेला एक पंजा. पाच बोटं. पहिल्या पाटीवर, दुसऱ्या, तिसऱ्या, सगळ्यांवर.

"शैलाताई, हा हात कशाचा?"

"उठताना टेकावं लागते न. पाट खाली, गुडघे हे असे."

पाटावरून एकटीने उठायचं म्हणजे उजव्या अंगावर कलायचं, हात टेकायचा, मग कण्हत वर यायचं. त्या कलण्यात खळगा फाकायचा. माप वाढायचं. वाढीव मापाने ही बाई दोन वर्षं रुंद सीटा आणत होती, मांड्या सोलून घेत होती आणि कंपन्यांना स्मरणपत्रं लिहीत होती. माझ्या घरी वीस बायकांना तिने हात देऊन सरळ उठवलं. तिला हात द्यायला मधे फक्त एक भिंत होती आणि भिंतीपलीकडे मी, रविवारची झोप मोडते म्हणून खिडकी लावून घेणारी.

"मला हाक मारायची होती," मी म्हटलं. माझा आवाज भांडायला आल्यासारखाच निघाला.

"काय म्हणू? 'ये बाई, मले मातीवरून उठव'?" त्यांनी पाटी माझ्या हातातून काढून घेतली आणि फळीवर पालथी ठेवली. "मले दिसत होतं चुकून राहिलं म्हणून. पस्तीस वर्षं मापं घेतली, मले नाही दिसणार? पण हे काय सांगायची गोष्ट आहे?"

भर दुकानात त्या धिप्पाड माणसाला 'कहाँ' विचारणारी हीच बाई. मला त्यांचा राग आला, माझा त्याहून जास्त आला आणि रडूही आलं. मी माती कालवली, पाटावर थापली, प्लास्टिक अंथरलं. "बसा," म्हटलं. त्या बसल्या. मी समोर उभी राहिले, दोन्ही हात पुढे केले. त्यांचे हात कोरडे आणि फार हलके होते.

"तुम्ही ओढू नका, मी ओढते. तुम्ही फक्त सरळ या."

दोन गोल खळगे. त्यांनी डिव्हायडर लावला आणि तो मातीत तसाच धरून राहिल्या. अंतर जुन्या सरासरीपेक्षा एका बोटाने कमी होतं. दुसऱ्यांदा तेवढंच. तिसऱ्यांदा तेवढंच.

बारावी सीट आली ती अरुंद, कडक, आखूड नाकाची, मधे लांब फट असलेली. दिसायला अगदी दुष्ट. पहिल्या दिवशी त्या नेहमीच्या वेळेला परतल्या नाहीत. मी खिडकी उघडी टाकून स्वयंपाकघरात जीव मुठीत धरून उभी होते. तासभर उशिरा घंटी वाजली, तीनदा. "फिरता फिरता दूर गेली," खालून ओरडल्या. "आठवणच नाही राहिली की खाली सीट आहे!" पुढच्या महिन्यात डॉक्टरीणबाईंनी तपासलं. फोड नाही, काही नाही.

सीट सापडली, विषय संपला असं तुम्हाला वाटेल. मलाही वाटलं होतं. पण दर महिन्याच्या पहिल्या रविवारी, घंटी वाजवून झाली की, शैलाताई पाट आणि मातीची बादली घेऊन आमच्याकडे येतात. माप तपासायचं असतं.

"अहो, या वयात हाडांचं माप बदलतं का?" मी एकदा विचारलं.

"मोजल्याशिवाय कसं कळन?"

वर्ष होत आलं. माप एका रेषेनेही हललेलं नाही. मी तरीही माती थापते, त्या बसतात, मी दोन्ही हात देऊन त्यांना सरळ उठवते. तीनदा. गेल्या रविवारी तिन्ही मापं जुळली, त्यांनी वहीत लिहिली, डिव्हायडर पुसला. मी बादली उचलायला वाकले तर त्या पुन्हा पाटावर जाऊन बसल्या होत्या.

"अजून एकदा घे," त्या माझ्याकडे न पाहता, चिडूनच म्हणाल्या. "मले शंका आहे."

मी बादली खाली ठेवली आणि हात पुढे केले.